घर सासूच्या नावावर आहे म्हणून काय झालं

मा. संपादक,

मागच्या वर्षी माझी भाची रात्री दहाला लेकराला कडेवर घेऊन माझ्या दारात आली, अंगावर गाऊन आणि पायात सासूच्या चपला. नवऱ्याने मारून बाहेर काढलेलं. पोलीस स्टेशनला गेलो तर तिथले साहेब म्हणाले घर कुणाच्या नावावर, आम्ही म्हटलं सासूच्या, मग म्हणाले हिचा काय हक्क त्यावर, चार दिवस माहेरी राहू द्या, राग शांत झाला की नेतील. एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि पाठवून दिलं.

ते तोंडावर खोटं बोलले हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, तेही तालुका विधी सेवा समितीतल्या वकील मॅडमकडून. (बाईला तिथे वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असू दे, हे तरी कुणाला माहितीये?) २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कलम १७ आहे, बाई ज्या घरात नांदली तिथे राहायचा तिला हक्क, घर तिच्या नावावर नसलं तरी. सासऱ्याच्या घरात सुनेचा काही संबंध नाही असं आधी कोर्टच म्हणायचं, पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला. मालकी मिळत नाही बरं का, फक्त तिला असं रस्त्यावर काढता येत नाही. आणि केस सासरच्याच गावी टाकावी लागते असंही नाही, माहेरी राहत असली तर तिथल्या कोर्टातही चालते.

सगळ्यात राग याचा येतो की हे सगळं बाईला सांगणं त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसांचं काम आहे. संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला अधिकारी) कोण, फुकट वकील कुठे, नवरा-सासरच्या छळाची म्हणजे ४९८ अ ची (आता भारतीय न्याय संहिता, बीएनएस, कलम ८५) तक्रारही करता येते, सगळं. आम्हाला काय सांगितलं, तर जुळवून घ्या.

पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायद्यात लिहिलंय, आम्हाला नुसत्या अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) ऑर्डरला सात महिने लागले. पण ऑर्डर आली, आता ती त्याच घरात मागच्या खोलीत राहते, गॅस वेगळा, सासू बोलत नाही. सुखात आहे असं नाही म्हणणार मी, पण पोराची शाळा सुटली नाही आणि नवरा आता हात उचलत नाही कारण ऑर्डर मोडली तर एक वर्षापर्यंत जेल आहे हे त्याला वकिलाने नीट समजावलंय.

तुमच्या पेपरात रोज ब्लड बँक आणि अँब्युलन्सचे नंबर असतात, त्याच चौकटीत १८१ ही महिला हेल्पलाइन आणि आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा ऑफिसचा नंबर टाका ना. जागा दोन ओळींची लागेल.

एक वाचक, इचलकरंजी
(भाचीसाठी नाव छापू नये)