अबोला म्हणजे रुसवा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अबोल्यावर आलेला ललित लेख वाचला. अबोल्याला त्यात संसाराच्या ताटातले लोणचे म्हटले आहे आणि वाचकांनी आपापल्या घरच्या अबोल्याच्या गमती लिहून पाठवाव्यात, असे आवाहनही केले आहे. लेख खुसखुशीत आहे. वाचताना मीही दोनदा हसले. परंतु गेली बावीस वर्षे पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना हे लोणचे ज्यांच्या पानात वर्षानुवर्षे एकटेच वाढले गेले, अशी माणसे मी रोज पाहते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. यात येणारे प्रसंग कुणा एका कुटुंबाचे नाहीत. अनेकांच्या तपशिलांची मुद्दाम सरमिसळ केलेली आहे.

लेखात रुसवा आणि अबोला हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत, आणि माझी पहिली हरकत तिथेच आहे. रुसवा हे बोलावणे असते. रुसलेले माणूस दाराकडे पाठ करून बसले, तरी त्याचे कान दाराकडेच असतात, आपली समजूत काढायला कुणीतरी येईल हे त्याने गृहीत धरलेले असते. लग्नातल्या विहिणीच्या रुसव्याला तर आपल्याकडे रीतीचेच स्थान होते, आणि तो काढायचा कसा हेही ठरलेले होते. अबोल्यात अशी कुणाची वाट पाहिली जात नाही. समोरचा माणूस घरात आहे, ताटावर आहे, अंथरुणावर आहे, पण माझ्यापुरता तो नाही, असे दर तासाला त्याला कळवत राहणे म्हणजे अबोला. पूर्वीच्या समाजाला हा फरक चांगला ठाऊक असावा. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून 'गोड बोला' म्हणण्याच्या प्रथेत, आधी कोण बोलले याचा हिशेब न होता बोलणे सुरू करण्याची सोय होती. कुणालाच माघार घेतल्यासारखे वाटत नसे.

माझ्याकडे येणारी जोडपी 'आमच्यात अबोला आहे' असे सांगत क्वचितच येतात. बाईंना झोप लागत नाही, छातीत धडधडते, सगळ्या तपासण्या झाल्या आहेत आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत, अशी सुरुवात होते. घरात शेवटचे सविस्तर बोलणे कधी झाले, असे विचारले की दोघे एकमेकांकडे न पाहता आठवू लागतात, आणि उत्तर बहुधा एखाद्या सणाच्या किंवा कुणाच्या दहाव्याच्या हिशेबाने येते. व्यवहार मात्र बिनबोभाट चालू असतो. गॅसचा नंबर लागतो, शाळेची फी भरली जाते, 'दूध संपले आहे' हा निरोप शेजारच्या खोलीतून व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर पडतो आणि दूध येते. बाहेरून पाहणाऱ्याला हे घर शांत वाटते. शेजारी कौतुकही करतात.

या घरातला सर्वांत कामसू माणूस असतो तो आठ-दहा वर्षांचा निरोप्या. 'बाबांना सांग, जेवायला बसा.' 'आईला सांग, मला उशीर होईल.' तीन माणसे एकाच टेबलाशी बसलेली असताना हे निरोप फिरतात. मूल निरोप जसाच्या तसा पोहोचवत नाही, हे मला अनेक वर्षांनी कळले. ते त्यातला कडवटपणा गाळून, आवाज मऊ करून, कधी स्वतःच्या पदरचे एखादे वाक्य घालून पोहोचवते. मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबाचा विचार मांडताना असा त्रिकोण वर्णिला आहे: दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला आत ओढले जाते आणि दोघांपुरते थोडे हलके होते. तिसऱ्यावर त्याचे ओझे किती पडते, हे ते मूल पंचवीस-तीस वर्षांचे होऊन 'मला कुणालाच नाही म्हणता येत नाही' अशी तक्रार घेऊन एकटे माझ्यासमोर येते, तेव्हा दिसते.

शांततेने कुणाचे काय बिघडते, असा प्रश्न लेखिकेने गमतीने विचारला आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आई आपल्या तान्ह्या बाळाशी आधी नेहमीसारखी खेळते आणि मग काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून त्याच्याकडे नुसती पाहते. ती रागावत नाही, दूर जात नाही. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच उपयोग होत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवून मलूल होते. मोठ्या माणसांवर सामाजिक मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळातून असेच काम केले. काही मिनिटे आपल्याकडे चेंडू आला नाही एवढ्याने माणसाची आपलेपणाची, स्वतःच्या किमतीची, परिस्थिती हाती असल्याची भावना घसरते. चेंडू टाकणारा माणूस नसून संगणक आहे हे आधी सांगितले तरी ती घसरते. काही मिनिटांत एवढे होत असेल, तर महिनोन्महिने स्वयंपाकघरात चेंडूची वाट पाहणाऱ्याचे काय होत असेल, याचा विचार व्हावा.

मात्र गप्प बसणारा तेवढा दुष्ट आणि दुसरा बिचारा, असेही मला म्हणायचे नाही. किंबहुना या बाबतीत सुरुवातीची काही वर्षे मीच चुकत होते. पत्नी तळमळून बोलते आहे आणि पती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला आहे, हे दृश्य पाहून मी मनातल्या मनात बाजू घेऊन टाकत असे. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, वादाच्या विषयावर बोलायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. दगडासारखे निश्चल दिसणाऱ्या माणसाची नाडी अनेकदा मिनिटाला शंभरच्या वर गेलेली असते, असे गॉटमन सांगतात. बाहेर दगड, आत पूर. अशा अवस्थेत माणसाला ऐकू येते, पण समजून घेता येत नाही, आणि दुसऱ्याने आवाज चढवला की तो आणखी आत जातो. गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांना यंत्र नीट करायचे आहे अशा बहाण्याने अर्धा तास थांबवून मासिके चाळायला दिली. ठोके उतरले, आणि पुन्हा बसल्यावर तीच माणसे बरीच बऱ्या रीतीने बोलली.

म्हणून आमच्या समुपदेशनाच्या खोलीत गप्प राहण्यावर बंदी नसते. आम्ही दोघांकडून सराव करून घेतो तो एका साध्या वाक्याचा: 'मला आत्ता बोलवत नाही, साडेनऊला बोलू.' यातला अवघड भाग साडेनऊ वाजता येतो, कारण वेळ मागणाऱ्यानेच त्या वेळी आपणहून समोर येऊन बसायचे असते आणि दुसऱ्याने तोवर दारावर थाप मारायची नसते. बहुतेकांचे पहिले तीन-चार प्रयत्न फसतात. 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला असल्याने लोक आमच्याकडे निवाडा मागायला येतात ('मॅडम, चूक कोणाची ते एकदाच सांगून टाका'), आणि आम्ही घड्याळाचा सराव करायला सांगतो तेव्हा त्यांचा विरस होतो, हेही प्रांजळपणे सांगते.

दोन प्रकारच्या अबोल्यांना मात्र हा सराव लागू पडत नाही. पहिला शिक्षा म्हणून धरलेला: माफी मागितली, पाया पडले, तरी तो सुटत नाही, आणि कधी सुटेल हे एकाच माणसाच्या मर्जीवर असते. समर घोष विरुद्ध जया घोष या २००७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नुसता थंडपणा म्हणजे क्रूरता नव्हे असे म्हटले. पण उपेक्षा आणि अनास्था संसार असह्य होण्याच्या थराला जाऊ शकते, हेही त्याच निकालात नोंदवले आहे. दुसरा अबोला भीतीचा. बोलले तर हात उगारला जाईल म्हणून जी गप्प असते, तिला 'आधी तू बोल, कमीपणा नसतो त्यात' असा सल्ला देणे धोक्याचे आहे. मारहाण चालू असेल तर आम्ही दोघांना एकत्र बसवतही नाही, कारण खोलीत बोललेल्या वाक्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिच्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, ज्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही धरलेला आहे, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मन हलके करायला कुणीच नसलेल्यांसाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. पुरवणीच्या त्या पानावर हे दोन क्रमांक छापायला चौकटीभर जागा मिळावी, ही विनंती.

आणखी एक. आपल्या आवाहनाला उत्तर म्हणून जी पत्रे येतील, त्यांत एखादे घरातल्या निरोप्याचे असू शकेल. अक्षरावरून ते ओळखू येईल. ते कृपया गमतींच्या सदरात छापू नये.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुणे
(माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही ही आपलीच हकीकत वाटू नये, म्हणून नाव प्रसिद्ध करू नये.)