वाचनालयातल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

एका वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून मी रुजू झाले, ही बातमी तुम्हाला फोनवर कळवली. पण जे बोलायचं होतं ते फोनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी मुलामुलींना ग्रंथपाल व्हायचं रीतसर शिक्षण असतं हेच कुणी सांगत नाही. मला तुम्ही सांगितलंत.

बारावीनंतर सुट्टीत मी वाचनालयात मदतीला यायचे तेव्हा तुम्ही एका पाठकोऱ्या कागदावर सगळी वाट लिहून दिली होती. आधी ग्रंथालय संचालनालयाची प्रमाणपत्र परीक्षा. तिचे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात, आणि सार्वजनिक वाचनालयात काम सुरू करायला तिचा उपयोग होतो. मग पदवी, कोणत्याही शाखेची. तिच्यानंतर ग्रंथालयशास्त्राचं एक वर्षाचं बी.लिब., मग त्यातलंच पुढचं एम.लिब. घरची ओढाताण असेल तर नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून. महाविद्यालयात जायचं असेल तर एम.लिब.ला किमान 55 टक्के आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. खाली दोन रेघा ओढून तुम्ही लिहिलं होतं, ‘जाहिरात बघून पैसे भरू नकोस. त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता आहे का ते आधी बघ.’ माझ्या एका मैत्रिणीने दुसरीकडे पैसे भरले आणि ते प्रमाणपत्र कुठेच चाललं नाही. तुमच्या त्या दोन रेघांनी माझं वर्ष वाचवलं.

पगाराबद्दलही तुम्ही काही लपवलं नाहीत. सार्वजनिक वाचनालय अनुदानावर चालतं, अनुदान हप्त्याने येतं आणि त्यातूनच पगार निघतो. ‘इथे रमशील, पण घर चालवायचं असेल तर शिकत राहावं लागेल,’ असं तुम्ही माझ्या आईसमोर सांगितलंत. आई तेव्हा विड्या वळायची. तिला हिशेब लगेच कळला आणि पुढे माझ्या फीबद्दल तिने एकदाही कुरकुर केली नाही.

अभ्यासक्रमात पुढे जे शिकले त्यातलं बरंचसं तुमच्या टेबलावर आधीच बघितलेलं होतं. एक दुपार तर मी अजून जशीच्या तशी सांगू शकते. वर पंखा, समोर नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही, आणि तुम्ही चार कथासंग्रह माझ्यापुढे ठेवलेत: एक मराठी, एक कन्नड, एक तेलुगू, एक उर्दू. म्हणालात, ‘हे चारही आपल्या सोलापूरचेच वाचक नेतात. आता ड्यूई त्यांना कुठे बसवतो बघ.’ ड्यूई म्हणजे पुस्तकांना विषयवार दशांश क्रमांक, म्हणजे वर्गांक, देणारी पद्धत. तिच्यात मराठी साहित्य 891.46. उर्दू 891.439. कन्नड 894.814 आणि तेलुगू 894.827. अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा साहित्यांना 810 पासून पुढे एकेक अख्खं दशक, आणि जगातल्या उरलेल्या सगळ्या भाषा 890 मध्ये दाटीवाटीने. ही पद्धत 1876 साली अमेरिकेत निघाली, तेव्हा समोर तिथलीच कपाटं होती. तुम्ही चिडला नाहीत. स्थानिक भाषेला जवळचा, आटोपशीर क्रमांक द्यायची मुभा ड्यूईतच ठेवलेली आहे, ते पान तुम्ही उघडून दाखवलंत. तेलुगू पुस्तकाचं नाव तुम्हाला वाचता येत नव्हतं. ते मी वाचलं, आणि तुम्ही ते माझ्याकडून लिहून घेतलंत. घरात बोलायची भाषा या कामात उपयोगाची आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात मुलं दशांशाला घाबरायची, मला मात्र त्यातच मजा यायची.

दुसरी गोष्ट तुम्ही शिकवली नाहीत, मी नुसती बघितली. उत्तर सोलापूर तालुक्यातले एक गृहस्थ येऊन म्हणाले, ‘कायद्याचं पुस्तक द्या.’ मी कपाटाकडे निघाले होते. तुम्ही त्यांना बसायला सांगितलंत, पाणी दिलंत आणि विचारलंत, ‘त्यात नेमकं काय बघायचंय?’ ‘कशाला हवंय?’ असं तुम्ही विचारलं नाहीत, कारण तसं विचारलं की माणूस आखडतो. हळूहळू कळलं की वडील गेले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागलेली नाहीत. तुम्ही 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम काढलात, फेरफाराचा भाग उघडून दिलात आणि स्पष्ट सांगितलंत की सल्ला वकिलाकडून घ्या, आम्ही फक्त पान दाखवतो. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी रंगनाथनांचं दुसरं सूत्र मी पुढे बी.लिब.ला लिहिलं तेव्हा डोळ्यांसमोर ते गृहस्थ होते. डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, मग लंडनला जाऊन शिकून आले, आणि 1931 साली ती पाच सूत्रं पुस्तकरूपाने आली. नेमणूक झाल्यावरही माणूस शिकायला गेला, हे तुम्ही मला कौतुकाने सांगायचात.

आणि तुम्ही तसंच वागलात. निवृत्ती जवळ आली असताना कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर शिकायला बसलात! मी तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांची सूची करणं, कार्डांवर शिकले, एएसीआर-2 या जुन्या नियमांनी. आता त्यांच्या जागी आरडीए हे नवे नियम आलेत. तुमच्या शंभर पानी वहीत पहिल्या पानावर निळ्या शाईत संगणकातल्या नोंदीच्या रकान्यांचे क्रमांक लिहिलेले होते: 100 लेखक, 245 शीर्षक, 082 वर्गांक. युनिकोडमध्ये जोडाक्षरं उमटेनात तेव्हा तुम्ही प्रत्येक चुकलेलं नाव वहीत टिपत होतात. ती वही बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायात राहायचं तर दर काही वर्षांनी हात पुन्हा नव्याने बसवावा लागतो. आज विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेटची कार्यशाळा असो की स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरचा अभ्यासक्रम, मी नाव नोंदवून मोकळी होते.

अभ्यासासाठी तुम्ही दिलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका मी आता प्रमाणपत्र परीक्षेला बसणाऱ्या दोन मुलींना दिल्यात. त्यातली एक विजापूर वेशीजवळ राहते, घरात कन्नड बोलते. तिला कन्नड कपाटाचे वर्गांक लावायला बसवलंय.

काका, तुम्ही माझ्याकडून कधी काही घेतलं नाहीत, साधी शेंगाचटणीची पुडीही परत पाठवलीत. तुमचे आभार मानायला माझ्याकडे हे पत्र आणि माझं काम एवढंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घरी येते. तेलुगूतून मराठीत आलेल्या कथासंग्रहांचे वर्गांक मी मूळ भाषेखालीच ठेवलेत, पण मराठीच्या कपाटात शोधणाऱ्या वाचकाला ते सापडत नाहीत. कपाटात नुसती सूचनापट्टी लावावी की दुसरी प्रत तिकडे ठेवावी, यावर तुमचं मत हवंय. यादी सोबत आणते.

तुमची विद्यार्थिनी,
सोलापूर