शनिवारी मी का उडाले नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

शनिवारी फोनवर मी ‘आज नाही गेले’ एवढंच बोलले आणि ठेवून दिला. बाबा, तुम्ही गप्प झालात ते जाणवलं. मामाला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना सांगून झालं होतं की चिमी आज एकटी विमान घेऊन निघणार. म्हणून सगळं नीट लिहिते.

इथे अमेरिकेत खासगी पायलटच्या परवान्याला असं एकटीनं लांबचं उड्डाण, म्हणजे सोलो क्रॉस-कंट्री, किमान 5 तास करावं लागतं. त्यातलं एक एकूण 150 नॉटिकल मैलांचं. तीन ठिकाणी उतरून पूर्ण थांबायचं आणि एक टप्पा सरळ रेषेत 50 नॉटिकल मैलांहून मोठा हवा. म्हणजे साधारण 93 किलोमीटर. नाशिकहून सरळ रेघ ओढली तर शिर्डी मागे पडते.

आई, ‘एकटी’ म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो. पण एकटी म्हणजे मनाला येईल तशी नव्हे. अशा प्रत्येक उड्डाणाआधी मला शिकवणारे सर माझा नकाशा, त्या दिवसाचं हवामान, इंधनाचा हिशोब तपासतात आणि मगच लॉगबुकात, म्हणजे माझ्या उड्डाणांच्या नोंदवहीत, सही करतात. ती सही त्या उड्डाणापुरतीच. लॉगबुक विमानात सोबत ठेवावंच लागतं. बाबा, तुमची सगळी नोकरी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात गेली. सहीशिवाय विमान हँगरबाहेर का जात नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार!

शुक्रवारी रात्री खोलीत जमिनीवर नकाशा पसरून बसले होते. पेन्सिलीची रेघ आणि तिच्यावर दर दहा-बारा मैलांना एक खूण: पाण्याची टाकी, दोन हायवे एकमेकांना छेदतात ती जागा, तळ्याचा वाकडा कोपरा. प्रत्येक खुणेपुढे मिनिटं लिहायची. टाकी अकराव्या मिनिटाला दिसायला हवी आणि चौदाव्याला दिसली, तर समोरचा वारा सांगितला त्यापेक्षा जास्त आहे, आणि इंधनाचा हिशोब तिथल्या तिथे पुन्हा मांडायचा. दिवसा पोहोचल्यावर अर्ध्या तासाचं इंधन उरलंच पाहिजे, असा नियम आहे. आमचे सर एक तासाचं मागतात, आणि मला त्यांचंच पटतं.

शनिवारी पहाटे पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजलं, कारण काट्यावर भरवसा ठेवायचा नसतो. मग पंखाखालून थोडं नळीत काढलं. हे पेट्रोल निळसर असतं. पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर नळी धरून बघायचं. पाणी शिरलं असेल तर ते तळाशी वेगळं बसतं. नव्हतं. सगळं ठीक होतं, आमच्या डोक्यावर आभाळही लख्ख होतं.

पण दुसऱ्या विमानतळावर धुकं होतं. गोदाकाठी थंडीत पहाटे उतरतं ना, तसंच. शिकाऊ पायलटला एकट्यानं उडताना दिवसा किमान 3 मैल (हे नॉटिकल नव्हे, रस्त्यावरचे साधे मैल), म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या आसपास, दिसायला हवं आणि खालची जमीन नजरेला हवी. ढगांच्या वरून जाता येत नाही. दहापर्यंत धुकं विरेल असा अंदाज होता. सर म्हणाले, “तू सांग.” मी नाही म्हणाले. लॉगबुक सहीशिवाय परत बॅगेत ठेवताना डोळे भरून आले, खरं सांगते. पण पुन्हा विचारलं तरी हेच उत्तर देईन.

आता गुरुवार ठरलाय. सकाळी नऊला निघेन, तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. आई, तुझी शिस्त इथेही आहे. निघताना फ्लाइट प्लॅन, म्हणजे कुठे जाणार आणि किती वाजता पोहोचणार ते, फ्लाइट सर्व्हिस नावाच्या केंद्राला द्यायचा आणि उतरलं की तो बंद करायचा. पोहोचायच्या वेळेनंतर अर्धा तास झाला आणि बंद झाला नाही, तर तिथले लोक चौकशी सुरू करतात. त्यामुळे उतरल्यावर आधी प्लॅन बंद करेन. लगेच तुला फोन.

तुमची,
चिमी