फोन ठेवला त्या दिवशी राहून गेलेलं

प्रिय बाळा,

सलाम आणि खूप आशीर्वाद. आधी हे सांग, सूनबाईच्या पायांवरची सूज उतरली का? सातवा लागलाय, अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवून या.

मार्चमध्ये मी चिडून फोन ठेवला, त्यानंतर आपण रोज बोलतोय पण तो विषय तूही काढत नाहीस आणि मीही नाही. तू एवढंच म्हणाला होतास की आई, बाळाच्या बाप्तिस्म्याचं आम्ही दोघं बघू. आणि मी तर इकडे अमेरिकेत ताईकडे येण्याआधीच नगरला पाळकसाहेबांच्या कानावर घालून आले होते की सप्टेंबरमध्ये नातवंडाचा बाप्तिस्मा करायचाय. सूनबाईचं माहेर विश्वासी मंडळीतलं, त्यांच्यात लहान बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत, तर मला वाटलं ताईच्या घरी झालं तेच आता तुझ्या घरी होणार. म्हणून तोडून बोलले. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, आवाज चढतो माझा, म्हणून लिहायला बसलेय, ताईनं फोनमध्ये मराठी कीबोर्ड टाकून दिलाय.

ताईचं तुला माहितीय. पोरगी झाली तेव्हा मी तुमचं ते पांढरं झबलं पार्सलनं पाठवलं होतं, माझ्या आईनं शिवलेलं, तुम्हा दोघांनाही त्यातच बाप्तिस्मा दिला होता. ते चार महिन्यांनी घडी न मोडता परत आलं. दाजींच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बाळाला पुढे नेऊन नुसतं समर्पण करतात, प्रार्थना करतात, पाणी नाही. बाप्तिस्मा ज्यानं त्यानं मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं मागायचा. अकरा वर्षं मी ते मनात धरून होते, ताईशी हसून बोलायचे पण आत खुपत होतं.

आता इथलं सांगते. विन्स्टन-सेलमजवळचं छोटं गाव आहे हे, नॉर्थ कॅरोलायनामध्ये. फेब्रुवारीत आले तेव्हा सगळी झाडं नुसती काटक्या, आणि मार्च संपता संपता पाइनच्या झाडांचे पराग असे पडायला लागले की गाड्या, पायऱ्या, बाकडी सगळं पिवळंधमक, जेजुरीला भंडारा उधळल्यासारखं. मग एका शनिवारी चर्चमधली माणसं पाण्याचे पाइप, झाडू घेऊन जमली आणि दुपारपर्यंत आख्खं आवार धुवून काढलं. दाराशीच डॉगवुडचं झाड आहे, चार पांढऱ्या पाकळ्या क्रूसासारख्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तांबूस खाच, इथले जुने लोक म्हणतात त्या खिळ्यांच्या खुणा आहेत. ते फुललं की ईस्टर आला म्हणायचं.

दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं. आपल्याकडे प्रीतिभोजन वर्षातून एकदोनदा, इथं दर आठवड्याला. चिकन पाई (पिठाच्या पारीत भाजलेलं चिकन), शेंगांची भाजी, केळ्याचं पुडिंग आणि तो त्यांचा गोड गार चहा. जेवण झालं की टेबलं तशीच ठेवून प्रार्थना, आजारी लोकांची यादी वाचतात, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा दारूत अडकलाय, सगळं नावानिशी. ज्या आठवड्यात तू सांगितलंस की सूनबाईचं बीपी वाढलंय, त्या बुधवारी मी पण हात वर केला, आणि ज्यांना पुणं कुठं आहे ते ठाऊक नाही अशा तीसेक माणसांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. त्यातल्या एक आजी अजून मला दर रविवारी विचारतात, हाऊ इज दॅट गर्ल. त्यांना काय सांगू ते मला कळव.

बाकी पण बरंच चालू असतं. तरुण मुलांच्या सेवासहलीसाठी पैसे जमवायला पुरुष मंडळींनी रात्रभर जागून डुकराचं मांस लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलं आणि सकाळी विकलं. ईस्टरच्या आधी ॲनी आर्मस्ट्राँगच्या नावानं अर्पण गोळा करतात, त्या बाल्टिमोरच्या बाई, बाप्टिस्ट स्त्रियांची संघटना उभी करणाऱ्या, १९३४ पासून या अर्पणाला त्यांचं नाव आहे. आणि दाजी दोन शनिवार डोंगराकडे गेले होते, २०२४ च्या हेलेन वादळात पडलेली घरं बाप्टिस्ट लोक अजून बांधून देतायत, दाजी पत्रे आणि खिळे ठोकून आले.

उत्तम शुक्रवारची उपासना रेल्वेच्या पलीकडच्या काळ्या लोकांच्या बाप्टिस्ट चर्चबरोबर एकत्र होती. मी ताईला विचारलं, दोघंही बाप्टिस्ट, मग दोन चर्च कशाला? तेव्हा तिनं सांगितलं की गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी करायचं की नाही यावरून १८४५ मध्ये दक्षिणेकडचे बाप्टिस्ट वेगळे झाले, आणि त्याबद्दलची माफी त्यांनी मागितली ती थेट १९९५ मध्ये. मी गप्प बसले. आपल्या आजोबांना गावातल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते ते मला आठवलं. त्या दिवशी त्या चर्चच्या कॉयरनं जे गायलं ना बाळा, माझ्या शेजारी बसलेल्या ताईकडच्या विहीणबाई रडत होत्या आणि मी पण.

आता मुद्द्याचं. मी इथं आल्यावर दुसऱ्याच महिन्यात पास्टरना सहज विचारलं की मी इथं आहे तोवर मला तुमच्या मंडळीत धरता येईल का, पाहुणी म्हणून नाही, आपली म्हणून. ते फार प्रेमानं बोलले पण म्हणाले की त्यासाठी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेला हवा, तुमचा लहानपणीचा शिंपडलेला आम्हाला धरता येत नाही. प्रभुभोजनाला बसा, शिकवा, गा, पण मेंबर नाही. मला फार लागलं ते. साठ वर्षं मी ज्या बाप्तिस्म्यावर जगले, तुझ्या बाबांच्या कॉटजवळ रात्र रात्र जागून ज्याच्या आधारावर प्रार्थना केली, तो धरता येत नाही म्हणे. तू फोनवर "आम्ही बघू" म्हणालास ते नेमकं त्याच आठवड्यात, आणि तो राग मी तुझ्यावर काढला. हे तुला माहीत नव्हतं. तेच सांगायचं होतं.

मी रागानं चर्च सोडलं नाही. एका बुधवारी पास्टरनीच मला सांगितलं की तुमच्या भाषेत सुवार्ता कशी आली ते आमच्या लोकांना सांगा. मी विल्यम कॅरीबद्दल बोलले, तो भारतात आलेला इंग्रज मिशनरी. त्यांना कॅरी माहीत होता, बाप्टिस्टच ना तो, पण बंगालचा म्हणून. त्यानं सेरामपूरला बसून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी अक्षरातला कोश काढला आणि पुढच्याच वर्षी मराठी नवा करार, हे ऐकून ते चकित झाले. मी म्हटलं, आम्हाला नगरला घडवलं ते अमेरिकन मराठी मिशननं, ते बाप्टिस्ट नव्हते, पण मराठीत नवा करार आधी छापला तो तुमच्या माणसानं. मग मी हेही सांगितलं की १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या मिळून आमची सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली त्यात बाप्टिस्टसुद्धा होते, आणि आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात, कुणी कुणाचा खोटा म्हणत नाही. हे मी जरा ठासूनच सांगितलं.

पास्टर शांतपणे म्हणाले, कॅरीचा पण लहानपणी बाप्तिस्मा झाला होता, तरी त्यानं १७८३ मध्ये बाविसाव्या वर्षी नॉर्थहॅम्प्टनला नेन नदीत पुन्हा घेतला. हे मला माहीत होतं, पण त्यावर उत्तर नव्हतं. आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं, २८ डिसेंबर १८०० ला कॅरीनं हुगळी नदीत कृष्ण पाल नावाच्या बंगाली सुताराला बाप्तिस्मा दिला, आणि त्याच दिवशी त्याच पाण्यात स्वतःच्या मुलाला, फेलिक्सला. मुलगा पंधराएक वर्षांचा असेल. तो कॅरी किती वर्षं वाट बघत थांबला असेल, हे मी त्या रात्री पडल्या पडल्या विचार करत होते. थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं असं नाही, हे माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं.

आणि तुझी भाची. ती मार्चमध्येच एका रविवारी, उपासनेच्या शेवटी पास्टर "कुणाला पुढे यायचंय का" म्हणतात तेव्हा एकटी उठून गेली. कुणी ढकललं नाही. ताईला पण माहीत नव्हतं, ती बघतच राहिली. नंतर पास्टरनी तिला बसवून दोनतीनदा प्रश्न विचारले, मग सगळ्या मंडळीनं हात वर करून तिला आपल्यात घ्यायचं ठरवलं. इथं बिशप वगैरे नाही, सगळं असं हात वर करूनच ठरतं, गालिचा बदलायचा असला तरी. ईस्टरच्या आधल्या आठवड्यात ती माझ्या कुशीत येऊन म्हणाली, आजी, तुझा बाप्तिस्मा तुला आठवतो का? मी म्हटलं नाही गं. ती म्हणाली, मग तुला कसं माहीत? मी तिला सांगितलं की माझ्या आजोबांनी मला हातात धरलं होतं, ते दर वर्षी त्या दिवशी मला ती गोष्ट सांगायचे, की तू रडलीस, पाळकांच्या चष्म्यावर पाणी उडालं, आणि बाहेर जोंधळ्याची कापणी चालली होती. पोरगी म्हणाली, म्हणजे त्यांनी तुझ्यासाठी आठवण ठेवली. हो, असंच म्हणाली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी मला सेलमच्या मोरेवियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत नेलं. सगळे दगड एकसारखे, आडवे, श्रीमंताचा मोठा आणि गरिबाचा छोटा असं नाही, आणि घरोघरची माणसं बादल्या घेऊन ते घासून पुसून फुलं ठेवत होती. तिथली पहाटेची उपासना १७७२ पासून होते, त्यासाठी बँडवाले मध्यरात्रीनंतरच रस्त्यारस्त्यानं वाजवत निघतात. आपली नगरची प्रभातफेरीच की, पेटी आणि झांजा घेऊन अंधारात निघायची ती, आणि मग कबरींवर मेणबत्त्या. तुझ्या बाबांच्या कबरीवर या वर्षी तू गेलास, फोटो पाठवलास, तो मी तिथं उभी राहून उघडून बघत होते.

आमच्या चर्चची पहाटेची उपासना मागच्या दफनभूमीतच होती, जिथं दाजींचे आजीआजोबा आहेत. खूप थंडी, सगळे शाली गुंडाळून, आणि सूर्य डोंगराच्या कडेवर आला तेव्हा पास्टर म्हणाले प्रभू उठला आहे, सगळे म्हणाले खरोखर उठला आहे, मी मराठीत म्हटलं. मग हॉलमध्ये नाश्ता, मी पहाटे तीनला उठून मोठा ट्रे भरून पोहे केले होते, ते संपले.

आणि अकराच्या उपासनेत तिचा बाप्तिस्मा. कॉयरच्या मागे वर पाण्याची टाकी आहे, मागच्या भिंतीवर यार्देन नदी रंगवलेली. पडदा सरकला, पास्टर कंबरेपर्यंत पाण्यात, आणि ही पांढऱ्या झग्यात पायऱ्या उतरत आली, केस मागे बांधलेले, तुझ्या बाबांसारखं कपाळ. विचारलं, येशू तुझा प्रभू आहे का, तर एवढ्या मोठ्यानं हो म्हणाली की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. त्यांनी तिच्या नाकावर रुमाल धरला, ख्रिस्ताबरोबर पुरलेली असं म्हणून तिला पूर्ण मागे पाण्यात निजवलं, एक क्षण ती दिसलीच नाही, माझा श्वास अडकला रे. आणि मग नव्या जीवनात चालायला उठवलेली म्हणत वर काढली. ती पाणी झटकत हसत होती आणि तिनं आधी मला शोधलं, ताईला नाही. मी उभी राहिले. इथं मध्येच कुणी उभं राहत नाही, पण मी राहिले आणि विहीणबाई पण राहिल्या.

माझा बाप्तिस्मा मी बदलणार नाही. पास्टरनाही तसं सांगितलं, तुमच्याबद्दल मनात काही नाही, पण माझ्या आजोबांच्या हातांना मी कमी म्हणणार नाही. ते म्हणाले समजतंय मला. मत द्यायला हात वर करता येत नाही एवढंच, बाकी बुधवारची माझी खुर्ची ठरलेली आहे.

परवा मदर्स डे झाला. ज्यांची आई आहे ते लाल फूल लावून येतात, ज्यांची गेली ते पांढरं. माझं पांढरं. पोरीनं स्वतः पिन लावून दिली आणि विचारलं, तुझ्या आईनं झबलं शिवलं होतं ना, ते कुठाय? ताई मान खाली घालून भांडी पुसत होती. मी तिच्याजवळ गेले, आम्ही दोघी काही बोललो नाही, पण अकरा वर्षांचं जे होतं ते तिथं सिंकजवळ संपलं.

पाळकसाहेबांना मी काल फोन करून सांगितलं की सप्टेंबरची तारीख धरू नका, पोरगा आणि सून ठरवतील. तू आणि सूनबाई बोला, प्रार्थना करा, घाई नको. पाण्याचे दोन थेंब असोत की आख्खी नदी, मला बोलवा म्हणजे झालं. आणि समर्पण करायचं ठरलं तरी बोलवा.

झबलं नगरच्या घरी लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, माझ्या आईच्या नऊवारीत गुंडाळलेलं. पुढच्या वेळी गेलास की काढ, डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत सावलीत वाऱ्यावर ठेव, उन्हात नको, पिवळं पडतं. धुवू नका. मी जूनच्या शेवटी येतेय, आल्यावर हातानं धुईन.

तुझी,
आई