ग्रंथालयशास्त्र आणि समाजकार्य एकत्र शिकू द्या

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

विद्यापीठे आणि ग्रंथालय संचालनालय दोन्ही आपल्याच विभागात येतात, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. एम.लिब. (ग्रंथालयशास्त्र) आणि एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य) या पदव्युत्तर पदव्यांचा संयुक्त अभ्यासक्रम राज्यात सुरू करावा, ही माझी मागणी आहे.

मी तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनालयात एक ताई रोज दुपारी येऊन बसायच्या. समोर दिवाळी अंक उघडा, पण तासभर पान उलटायचं नाही. कुलूप लावायची वेळ झाली की नाइलाजाने उठायच्या. घरी मारहाण होते, हे त्यांनी फार उशिरा सांगितलं. पुस्तकांचं वर्गीकरण, तालिकीकरण (सूची करणं) मला चोख येतं. पण अशा वेळी काय विचारावं, काय विचारू नये, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कधी न्यावं, गावभर बोभाटा होऊ नये म्हणून काय करावं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. अभ्यासिकेतही तेच. एमपीएससीचा निकाल लागल्यावर डबा न उघडता बसून राहिलेल्या मुलाला नवा प्रश्नसंच देऊन काय होणार?

बाई पोलीस ठाण्याची पायरी चढली की दहा जण चौकशी करतात. वाचनालयात गेली तर कुणी हटकत नाही, म्हणून ती आधी आमच्याकडे येते. संस्थेचा प्रकल्प संपला की समाजकार्यकर्ते गाव सोडतात. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली आमची वाचनालयं तिथेच असतात. समाजकार्य शिकलेल्यांनाही आमच्या शास्त्राची गरज आहेच. ताजी माहिती शोधायची कशी हे ठाऊक नसलं आणि जुनाच शासन निर्णय हाती धरून निराधार योजनेचा अर्ज भरला, की तहसील कचेरीचे हेलपाटे त्या म्हातारीला पडतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजकार्यकर्ती नेमली, कारण बेघर माणसं दिवसभर तिथेच आसरा घेत होती. आपल्याकडे तर मुंबईत १९३६ पासून समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. ग्रंथालयशास्त्राचे विभागही विद्यापीठांत आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणं तेवढं राहिलं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली, हे खरं. पण अट अशी की दोन्हींचे तास एकमेकांवर येता कामा नयेत. एम.एस.डब्ल्यू.चं क्षेत्रकार्यच, म्हणजे वर्गाबाहेर लोकांत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, आठवड्यातले दिवस खातं, मग ही मुभा वापरायची कशी? वेगवेगळं शिकायचं तर बी.लिब., एम.लिब. आणि एम.एस.डब्ल्यू. मिळून चार वर्षं जातात. क्षेत्रकार्य शासनमान्य ग्रंथालयात करू दिलं आणि त्याचे श्रेयांक दोन्हीकडे धरले, तर तीन वर्षांत हे बसेल असं मला वाटतं. सुरुवात एकाच विद्यापीठापासून झाली तरी चालेल.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. ग्रंथालय चालवायला शासन देतं त्या परिरक्षण अनुदानातून आमच्या हाती जे मानधन पडतं, त्यावर दोन पदव्यांचं माणूस तालुक्याला टिकणार नाही. म्हणून अभ्यासक्रमाच्या जोडीने निदान शासनाच्या वर्गवारीतल्या जिल्हा 'अ' वर्ग ग्रंथालयांत अशा उमेदवारांसाठी वेगळं पद आणि त्याचं वेगळं अनुदान मंजूर करावं. पुढच्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
तालुका ग्रंथालयातील एक ग्रंथपाल