रेषा-प्रतलाच्या सूत्रात साइन कुठून आला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की शैक्षणिक पानांवर सूत्रांची कोष्टके झळकू लागतात. त्रिमितीय भूमितीतल्या कोनांचे कोष्टक ठरलेले असते : दोन रेषांमधला कोन काढायला कोसाइन, दोन प्रतलांमधला काढायला कोसाइन, आणि रेषा व प्रतल यांच्यातला काढायला साइन. तिसऱ्या ओळीत साइन कुठून आला, हे कोष्टक सांगत नाही. मुले ते घोकतात आणि उत्तरपत्रिकेत नेमके तिथेच कोसाइन लिहून येतात.

हे समजायला एक वही आणि दोन पेन्सिली पुरतात. वही सपाट ठेवा. एक पेन्सिल तिच्यावर ताठ उभी धरा, दुसरी त्याच बिंदूवर टेकवून तिरकी धरा. वही म्हणजे प्रतल, तिरकी पेन्सिल म्हणजे आपली रेषा आणि उभी पेन्सिल म्हणजे प्रतलाचा अभिलंब, म्हणजेच वर्गातला ‘नॉर्मल’. प्रतलाच्या समीकरणात क्ष, य, झ यांचे जे सहगुणक दिसतात, ते या उभ्या पेन्सिलीची दिशा सांगतात. त्यामुळे रेषेची दिशा आणि हे सहगुणक यांचा ‘डॉट’ (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) घेऊन त्याला दोघांच्या लांबींनी भागले की त्या कोसाइनमधून हाती येतो तो दोन पेन्सिलींमधला कोन. आपल्याला हवा असतो तिरकी पेन्सिल आणि वही यांच्यातला, म्हणजे ९० अंशांतून उरलेला. कोसाइनचा साइन होतो तो एवढ्यासाठीच.

आकड्यांत पाहू. रेषेची दिशा (१, २, २) आणि प्रतल २क्ष − य + २झ = ५. डॉट येतो २ − २ + ४ = ४. दोन्ही सदिशांची, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या या त्रिकुटांची, लांबी (वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) ३, म्हणून भागाकार ४/९. याचा कोसाइन-व्यस्त सुमारे ६३.६ अंश, तो अभिलंबाशी होणारा कोन. प्रतलाशी होणारा कोन सुमारे २६.४ अंश. डॉट ऋण आला तर चिन्ह सोडून द्यायचे, कारण अभिलंब प्रतलाच्या कोणत्या बाजूला काढायचा हे आपल्या मर्जीवर असते. दोन प्रतलांच्या वेळी साइनची भानगड नाही. दोन्ही वह्यांवर उभ्या पेन्सिली धरल्या की दोन्हीकडे सारखाच काटकोन जातो आणि मधला कोन तोच राहतो.

घोटाळ्याचे खरे मूळ मात्र आधीच्या इयत्तांत आहे. कागदावरच्या भूमितीची सवय मुले जशीच्या तशी अवकाशात घेऊन येतात. क्ष + २य = ४ दिसले की हात लगेच रेषा काढतो. अवकाशात ते प्रतल असते. झ समीकरणात नाही म्हणजे झ शून्य आहे असे नव्हे. झ वाटेल ते असू शकते. (४, ०, ०) जसा त्यावर आहे, तसाच (४, ०, ७)ही आहे. एका समीकरणाने प्रतल मिळते. रेषेला दोन लागतात.

‘छेदत नाहीत म्हणजे समांतर’ हीसुद्धा तीच जुनी सवय. आरंभबिंदूतून (१, २, २) दिशेने जाणारी एक रेषा घ्या आणि (३, ०, ०) मधून (२, १, −२) दिशेने जाणारी दुसरी. डॉट २ + २ − ४ = ०, म्हणजे दिशा काटकोनात. तरीही त्या भेटत नाहीत. दिशांचा ‘क्रॉस’, म्हणजे दोन्ही दिशांना लंब असणारा सदिश, (−६, ६, −३), लांबी ९. दोन बिंदूंना जोडणाऱ्या (३, ०, ०) शी त्याचा डॉट −१८. म्हणून किमान अंतर १८/९ = २. या विषमतलीय, म्हणजे एका प्रतलात न मावणाऱ्या, रेषा : एकमेकींना लंब, आणि तरी दोन एककांवरून निघून जाणाऱ्या. हेच सूत्र समांतर रेषांना लावले की क्रॉस शून्य होतो आणि शून्य भागिले शून्य उरते. तिथे जोडसदिशाचा आणि दिशेचा क्रॉस घेऊन त्याच्या लांबीला दिशेच्या लांबीने भागायचे. कोष्टकात ही अट क्वचितच छापलेली असते.

याउलट, भेटणाऱ्या रेषा ‘भेटत नाहीत’ ठरवण्याची चूक आणखी साधी आहे. पहिली रेषा (१, १, १) मधून (१, २, ३) दिशेने जाते, दुसरी (४, ४, ६) मधून (१, −१, −१) दिशेने. रेषेवरचा बिंदू सांगताना दिशेला ज्या संख्येने गुणायचे, तिच्यासाठी दोन्हीकडे एकच अक्षर ट वापरले की १ + ट = ४ + ट, म्हणजे १ = ४, आणि विद्यार्थी ‘छेदत नाहीत’ लिहून मोकळा. प्रत्यक्षात त्या (३, ५, ७) मध्ये छेदतात; पहिलीवर ट = २ असताना, दुसरीवर −१ असताना. दोन माणसे एकाच चौकातून वेगवेगळ्या वेळी गेली तरी त्यांचे रस्ते छेदतातच. दुसऱ्या रेषेला वेगळे अक्षर द्या, दोन निर्देशकांवरून दोन्ही अक्षरे काढा आणि तिसऱ्यावर ताळा करा. हा ताळाच बहुतेकांकडून राहून जातो.

दिशा वाचतानाही गफलत होते. (१ − क्ष)/२ = (२य − ३)/४ = झ/३ अशी रेषा दिली की छेद उचलून दिक्-गुणोत्तरे, म्हणजे दिशेचे तीन आकडे, २, ४, ३ अशी लिहिली जातात. आधी क्ष, य, झ यांचा सहगुणक १ करायला हवा. मग ती −२, २, ३ निघतात. झ-अक्षाशी खरा कोन सुमारे ४३.३ अंश, चुकीच्या वाचनाने ५६.१. पुढची सगळी आकडेमोड बिनचूक असली तरी उपयोग नाही. छेदात शून्य आले तर घाबरायचे कारण नाही : (झ − ३)/० म्हणजे झ सतत ३ आहे, एवढेच. भागाकार तिथे कुणी करत नाही.

दिक्-कोसाइनच्या (रेषेने तीन अक्षांशी केलेल्या कोनांच्या कोसाइनच्या) वर्गांची बेरीज १, हे सर्वांना पाठ असते, पण ते बंधन आहे हे लक्षात येत नाही. क्ष-अक्षाशी ३० आणि य-अक्षाशी ४५ अंश करणारी रेषा अस्तित्वातच नसते. ३/४ + १/२ आताच १ च्या पुढे गेले. दोन्हींशी ४५ अंश असतील तर झ-अक्षाशी ९० च.

समांतर प्रतलांतील अंतर काढताना आधी सहगुणक सारखे करा. २क्ष − य + २झ = ५ आणि ४क्ष − २य + ४झ = ४ यांत ५ मधून ४ वजा करून अभिलंबाच्या लांबीने, म्हणजे ३ ने, भागले की १/३ येते, आणि ते चूक आहे. दुसरे समीकरण निम्मे केले की उजवीकडे २ उरतात आणि अंतर ३/३ = १ मिळते.

तेव्हा कोष्टक छापताना प्रत्येक सूत्राखाली ते कधी लागू पडत नाही, याची एक ओळ द्यावी, ही विनंती. जागा एकाच आकृतीपुरती असेल, तर वहीवर टेकलेली तिरकी पेन्सिल आणि शेजारची उभी, एवढेच छापावे.

आपले,
गणित शिकवणारे काहीजण