नक्षत्रांनुसार रंगलेला पावसाचा आलेख : एक आभारपत्र

प्रति,
संगणक परिचालक ताई,
ग्रामपंचायत कार्यालय

सप्रेम नमस्कार.

पर्जन्यमापकाच्या नोंदींचा आलेख आपण करून दिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पत्र जाहीर लिहीत आहे, कारण आपली युक्ती अशा नोंदी ठेवणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल.

1 जून ते 31 ऑक्टोबर म्हणजे 153 दिवस आणि तेवढेच स्तंभ. एक्सेल ते सगळे एकाच रंगात काढते. गावात मात्र पाऊस नक्षत्रांनी मोजतात आणि पुनर्वसूचा ‘तरणा’ जास्त पडला की पुष्याचा ‘म्हातारा’, हे जाणत्यांना आलेखात दिसायला हवे होते. एकेक स्तंभ निवडून हाताने रंग भरता येतो, पण पुढील वर्षीचे आकडे त्याच जागी घातले की रंग होते तिथेच राहतात, आणि नक्षत्राचा प्रवेश एखाद्या दिवसाने सरकलेला असतो. मृग कधी 7 जूनला लागते, कधी 8 जूनला.

आपण रंगाला हात न लावता आधी आकडेच वेगळे केलेत. तारीख आणि मिलिमीटर या रकान्यांपुढे रोहिणीपासून स्वातीपर्यंत 12 रकाने आखलेत, प्रत्येकाच्या माथ्यावर नाव व प्रवेशाची तारीख लिहिलीत आणि खाली एकच ‘इफ’चे सूत्र ओढलेत : दिवस या प्रवेशापासून पुढच्या प्रवेशाच्या आदल्या दिवसापर्यंतचा असेल तर पाऊस दाखवावा, नसेल तर कप्पा मोकळा ठेवावा. स्वातीलाही शेवट हवा, म्हणून शेजारी विशाखेची तारीख घालण्याचे आपल्याला सुचले. त्यामुळे प्रत्येक नक्षत्र स्वतंत्र मालिका झाले. मालिका 12 झाल्याने स्तंभ काडीसारखे बारीक होऊन बाजूला सरकले, तेव्हा ‘सीरिज ओव्हरलॅप’ (वेगवेगळ्या मालिकांचे स्तंभ एकमेकांवर किती चढावेत, हे ठरवणारी एक्सेलमधील सोय) 100 टक्के करताच ते आपापल्या तारखेवर आले. एवढी एक खूण माहीत नसेल तर बाकीची मेहनत वाया जाते.

रंगांबाबतचा आपला निर्णय मला सर्वांत पटला. 12 रंगांची रांगोळी न घालता आपण गडद आणि फिकट निळा आळीपाळीने दिलात. फलकावर लावायची प्रत काळ्या-पांढऱ्या छपाईतही वाचता येते आणि नक्षत्रांची नावे खाली पेनाने लिहिता येतात.

एक बाब मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे सकाळी 8:30 वाजता मोजलेला पाऊस त्याच तारखेला लिहितात, त्यामुळे मृगाच्या आदल्या संध्याकाळची सर मृगाच्या रंगात दिसते. त्यावर चावडीवर वाद होईल, तो होऊ द्यावा.

पुढील वर्षी पंचांग पाहून माथ्यावरच्या तारखा तेवढ्या मी बदलेन. रंग आपोआप जागेवर येतील.

आपला नम्र,
पर्जन्यमापकाची नोंद ठेवणारा एक निवृत्त शिक्षक